बंद झालेली फ्राइजची गाडी अंगणात कशी उभी करायची

लहानपणी गाडीवर खाल्लेल्या फ्राइजची आठवण घरच्या अंगणात पुन्हा उभी करायची असेल, तर आधी ठेला मिळवा, आलू नंतर. मी पहिल्या वर्षी उलट केलं आणि दोन दिवसांची मेहनत वाया गेली, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

२००३ ते २००८ आम्ही कॅलिफोर्नियात, ॲनाहाइमजवळ राहत होतो. नवऱ्याची नोकरी तिथे होती आणि लेक लहान होती. डिस्नीलँड घरापासून इतकं जवळ होतं की आम्ही वर्षाचा पासच काढला होता. दुपारची झोप झाली की तिला घेऊन जायचं आणि अंधार पडला की परत यायचं. तिथल्या फ्रंटियरलँड भागात एक लाकडी गाडी उभी असायची. पूर्वी तिकडचे लोक बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे ज्या गाड्यांतून जायचे, तशी ती होती. वर कमानी आणि कमानींवर ताणलेलं पांढरट कापड. नाव होतं 'वेस्टवर्ड हो कोनेस्टोगा वॅगन', आणि तिथे मॅकडोनाल्ड्सचे फ्रेंच फ्राइज मिळायचे. १९९६ मध्ये डिस्नी आणि मॅकडोनाल्ड्स यांचा दहा वर्षांचा करार झाला होता. त्यातून १९९८ मध्ये ही गाडी आली आणि २००८ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी आम्ही नागपूरला परतलो. त्यामुळे लेकीच्या मनात ती गाडी आणि तिचं तिथलं लहानपण एकाच दिवशी संपलं.

ती आता पुण्यात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात घरी आली असताना रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "आई, ते गाडीवरचे फ्राइज आठवतात तुला?" दुसऱ्या दिवशी मी तीन किलो आलू आणले. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, "काय करून राहिली वो इतक्या आलूचं?" फ्राइज चांगले झाले होते. मी ते स्टीलच्या ताटलीत, टेबलावर, सॉसची बाटली शेजारी ठेवून वाढले. लेकीने सगळे खाल्ले, छान झालेत म्हणाली आणि ताटली घासून ठेवली. तिच्या तोंडावरून मला कळलं की ते हे नव्हते.

आधी विचारा, मग कढई चढवा

ज्याच्यासाठी करायचं त्याला निवांत बसवा आणि चव सोडून बाकी सगळं विचारा. हातात काय होतं? उभं राहून खाल्लं की बसून? त्याआधी काय केलं होतं, पाय दुखत होते का? आवाज कसला यायचा? कोण सोबत होतं? उत्तरं वहीत लिहून घ्या, कारण माणूस बोलता बोलता जे सहज सांगून जातो तेच पुढे उपयोगी पडतं.

माझ्या लेकीने सांगितलं ते असं. रांग असायची, आणि रांगेत बाबा तिला खांद्यावर घ्यायचे. पुठ्ठ्याचा लाल डबा हाताला गरम लागायचा. तिकडच्या पाण्यात फिरणारी मार्क ट्वेन नावाची मोठी बोट भोंगा वाजवायची. संध्याकाळी थंडी वाजायची, आणि मीठ बोटांना लागायचं ते ती स्वेटरच्या बाहीला पुसायची. एवढ्या बोलण्यात चवीबद्दल एकच शब्द होता, "खारट". टेबल आणि ताटली यात कुठेच नव्हती. तेव्हा मला माझी चूक कळली.

ठेला आणि त्यावरचं छप्पर

आमच्या त्रिमूर्ती नगरात रोज सकाळी एक भाजीवाले भाऊ येतात. त्यांना मी रविवारच्या एका संध्याकाळसाठी ठेला मागितला. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर असंच मागा आणि त्यांचं त्या वेळचं नुकसान भरून द्या. ठेला आला की आधी ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या फळ्यांना कालच्या मेथीचा वास राहतो.

कमानींसाठी बांबूच्या कामट्या वापरायचा विचार मी केला होता, पण त्या वाकवताना चिरतात. वायरिंगचा पाऊण इंची प्लास्टिकचा पाइप घ्या. तो सहज वाकतो. चार पाइप लागतात. एक टोक ठेल्याच्या एका बाजूच्या फळीला बायंडिंग तारेने बांधायचं, पाइप वरून वाकवून दुसऱ्या बाजूला आणायचा आणि तिथे बांधायचा. पहिली आणि शेवटची कमान थोडी बाहेर झुकलेली ठेवली की त्या जुन्या गाडीचा आकार नेमका येतो. चारही कमानींच्या माथ्यावरून एक सुतळी बांधून घ्या, नाहीतर कापडाच्या वजनाने त्या एकमेकींकडे सरकतात.

कापड मांजरपाटाचंच हवं. पांढरी चादर टाकली की मंडपासारखं दिसतं. गांधीबागेत कापडाच्या दुकानात कोरं, न धुतलेलं मांजरपाट मागा. त्याचा तो मळकट पिवळसर रंगच आपल्याला हवा आहे. पाच मीटर पुरतं. दोन्ही टोकांना नाडीसाठी शिवतो तशी पट्टी शिवून त्यात सुतळी ओवा आणि ओढा, म्हणजे पुढचं तोंड गोल होतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. शेगडी आणि कढई या कापडाखाली अजिबात ठेवायची नाही. तळण चार-पाच हात दूर, उघड्यावर, भिंतीच्या आडोशाला करायचं. गाडीवर फक्त तळलेला माल येतो, मीठ पडतं आणि पुडे भरले जातात. पोरं गाडीभोवतीच घुटमळतात, त्यामुळे तेल त्यांच्यापासून लांब असलेलं बरं.

फ्राइज

आलू निवडताना घाई करू नका. नवा आलू गोड असतो आणि शीतगृहात ठेवलेला आलूही थंडीने गोड होतो. साखर जास्त असलेला आलू तेलात टाकला की बाहेरून लगेच तांबूस-काळा होतो आणि आत कच्चा राहतो. चिप्ससाठी कमी साखरेची जात तयार केली आहे, तिला चिपसोना म्हणतात. कॉटन मार्केटमध्ये चिप्सवाला आलू मागितला की बहुतेक वेळा तो मिळतो. लांबट आणि मोठे निवडा. पाच-सहा माणसांना दीड किलो लागतो, कारण पोरं थांबत नाहीत.

सोलून लांबीच्या बाजूने कापा, जाडी साधारण आठ मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक. कापलेले तुकडे पाण्यात टाका आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा. सगळा पांढरा स्टार्च जायला हवा. मग दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात तुकडे घाला आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा. नुसत्या पाण्यात दहा मिनिटांत आलू फुटायला लागतो. व्हिनेगरच्या आंबटपणाने त्याचा बांधा टिकतो, आतून शिजतो पण कडा मोडत नाहीत. झाऱ्याने हळूच काढून सुती कापडावर पसरा आणि वाफ जाऊ द्या.

पहिलं तळण मिनिटभरही नाही. तेल चांगलं गरम हवं, २०० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघा. तो लगेच बुडबुड्यांसकट वर आला पाहिजे आणि तेलातून धूर निघता कामा नये. थोडे थोडे टाका आणि पन्नास सेकंदांत काढा. रंग येऊ द्यायचा नाही. थंड झाले की ताटात सुटे पसरवून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. गोठताना आतल्या पाण्याचे बारीक खडे होतात, आणि दुसऱ्या तळणात ते पाणी वाफ होऊन निघून गेलं की आतला गर हलका होतो. दुसऱ्या दिवशी, माणसं रांगेत उभी राहिल्यावरच, फ्रीजरमधून थेट तेलात टाकायचे. साडेतीन मिनिटं लागतात.

तेल रिफाइंड फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं घ्या. घाणीच्या तेलाला स्वतःचा वास असतो आणि इथे तो नको. दुसऱ्या तळणाच्या तेलात लिटरमागे दोन चमचे साजूक तूप घाला. त्यामागे कारण आहे. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज १९९० पर्यंत मुख्यतः गोवंशाच्या चरबीत तळले जात. मग वनस्पती तेल आलं, पण त्या जुन्या स्वादासाठी गोमांसाचा अर्क राहिला. त्यावर तिथल्या हिंदूंनी आणि शाकाहारी लोकांनी खटला भरला, आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर द्यायचं मान्य करून तो मिटवला. भारतातल्या फ्राइजमध्ये असा अर्क नसतो. तिकडच्या फ्राइजला जो एक भरलेला, तोंडात रेंगाळणारा स्वाद होता, त्याच्या सगळ्यात जवळ आपल्या घरात साजूक तूपच जातं. सासूबाई निर्धास्तपणे दोन पुडे खातात.

मीठ मिक्सरमध्ये कोरडं फिरवून पिठासारखं करा. जाड मीठ फ्राइजवर थांबत नाही, तळाशी जाऊन बसतं. तेलातून काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत, उंचावरून भुरभुरवा. तिखट, चाट मसाला, काळं मीठ असलं काही घालू नका. मला ठाऊक आहे, आपल्याकडे हात आपोआप तिकडे जातो. पण खारट म्हणजे फक्त खारट.

पुडा वर्तमानपत्राचा नको. त्याची शाई अन्नात उतरते म्हणून आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही छापील कागदात खाणं बांधू नका असं सांगितलं आहे. लाल जाड कार्डपेपरचे खिसे करा. वीतभर रुंद कागद दुमडून दोन्ही कडा चिकटवा आणि तळ आत वळवा. पुढची बाजू कात्रीने अर्धगोल खाली कापा, मागची उंच राहू द्या. आत बटर पेपर घाला. कागद जाड असला तरी उष्णता हातापर्यंत पोहोचते, तेवढी पोहोचायलाच हवी.

संत्र्याचं मऊ आइस्क्रीम

डिस्नीलँडमध्ये आणखी एक थांबा होता, तो माझा. लाकडी पक्षी गाणी म्हणतात असं एक दालन तिथे १९६३ पासून आहे, एन्चांटेड टिकी रूम. त्याच्या शेजारी १९८६ पासून अननसाचं मऊ आइस्क्रीम मिळतं, डोल व्हिप. त्यात दूध नसतं, म्हणून ते सरबतासारखं स्वच्छ लागतं. परदेशात मला सगळ्यात जास्त संत्र्याची आठवण यायची, आणि ते अननसाचं खाताना दर वेळी वाटायचं की हे आमच्या संत्र्याचं असतं तर. डिसेंबरात आंबिया बहाराचं संत्रं बाजारात भरलेलं असतं, तेव्हा हे करा.

नुसत्या संत्र्याचा बर्फाळ चुरा होतो, त्याला अंग नसतं. म्हणून निम्मं अननस लागतंच. ४०० ग्रॅम अननसाचे तुकडे रात्रभर गोठवा. अर्धी वाटी दाट नारळाचं दूध आणि तीन मोठे चमचे पिठीसाखर तयार ठेवा. साखर कमी करू नका, तिच्यामुळेच ते दगडासारखं गोठत नाही. आता चार संत्र्यांचा रस. इथे आपल्या संत्र्याचा एक स्वभाव सांभाळायचा असतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होत जातो, आणि बी चिरडली गेली तर जास्तच. त्यामुळे रस ऐन वेळी काढा. मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका, फोडीवरचं पातळ साल आणि बिया काढून गर हाताने पिळा. सासूबाई हे काम अंगणात ऊन खात बसून करतात आणि एकही बी चुकत नाही.

सगळं मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि मिश्रण पातळ होतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग कोपरा कापून चकलीच्या सोऱ्यातली चांदणीची चकती लावून पेल्यात गोल गोल सोडा.

शिळ्या पोळीचे तुकडे

हे कमी कष्टाचं आहे. डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झालं त्याच वर्षी तिथे कासा दे फ्रितोस नावाचं मेक्सिकन खाण्याचं ठिकाण उघडलं. तिथे उरलेल्या मक्याच्या पोळ्या फेकण्याऐवजी तुकडे करून, तळून, मसाला लावून विकायला लागले. लोकांना ते इतके आवडले की पुढे १९६६ मध्ये डोरिटोस म्हणून ते अमेरिकाभर गेले. हे वाचलं तेव्हा मला माझी आजीच दिसली. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, तुकडे तळतो, तेच हे. कालच्या पोळ्या त्रिकोणी कापून तासभर उघड्या वाळवा, तळा, वर तिखट-मीठ आणि थोडी साखर. गाडीच्या एका टोकाला टोपलीत ठेवा. फ्राइजची घाणी निघेपर्यंत रांगेतल्यांचे हात त्यातच असतात.

ज्यांची आठवण इथली आहे

माझ्या भाच्याने डिस्नीलँड पाहिलेलं नाही. त्याची आठवण अमरावती रोडवरच्या वॉटर पार्कमधली, मे महिन्यातली. पाण्यातून बाहेर पडल्यावर कुडकुडत खाल्लेला कपातला मका. तो मी घरी दोनदा करून दिला आणि दोन्ही वेळा त्याने अर्धा ठेवला. मग विचारलं तेव्हा समजलं की तो मका त्याने कधी कोरड्या अंगाने खाल्लाच नव्हता. दोन तास पाण्यात खेळल्यावर जी भूक लागते तीच त्या मक्याची अर्धी चव आहे.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी गच्चीवर पाइप लावून सगळ्या पोरांना तासभर भिजू दिलं. ओठ थरथरायला लागल्यावर, अंग न पुसता, मका हातात दिला. दाणे वाफवून, पाणी पूर्ण निथळून, गरम असतानाच लोणी, मीठ आणि लिंबू. पाणी राहिलं तर लोणी दाण्याला धरत नाही, तळाशी जाऊन बसतं. कागदी कप आणि लाकडी चमचा. भाचा भिंतीला टेकून, डोळे मिटून खात होता.

संध्याकाळ

दिवे लागायच्या वेळेला सुरू करा. गाडीत एकच पिवळा दिवा, आतल्या बाजूला, म्हणजे मांजरपाट आतून उजळतं. खुर्च्या मांडू नका. गाडी फाटकाजवळ आणि माणसं घराच्या दारापासून रांगेत. पहिली घाणी दहा मिनिटं उशिरा काढा. थांबल्यावर तेलाचा वास लागतो, पोरं पुढे डोकावतात, कोणीतरी कोणाला खांद्यावर घेतं. एका वेळी दोनच पुडे निघतील असं तळा. फ्राइज पाच-सात मिनिटांत मऊ पडतात, म्हणून आधी तळून ढीग करून ठेवला तर रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या वाट्याला काहीच चांगलं उरत नाही.

बोटीच्या भोंग्याचं काय करायचं याचा मी बराच विचार केला होता. शेवटी नवऱ्याने कुकरची शिटी हातात घेऊन तोंडाने फुंकून पाहिली, ती काही वाजेना. मग तो रिकामी काचेची बाटली घेऊन आला. बाटलीच्या तोंडावर आडवं फुंकलं की खोल, घोगरा आवाज येतो. थोडं पाणी भरून तो वर-खाली करता येतो. लिटरची बाटली घ्या, लहान बाटलीचा आवाज बारीक येतो.

लेक रांगेत चौथी होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. पुडा घेतला, दोन्ही हातांनी धरला, कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने मी तेल बघता बघता तिकडे पाहिलं तर ती उजव्या हाताची बोटं स्वेटरच्या बाहीला पुसत होती.

उरलेले अर्धे तळलेले फ्राइज हवाबंद पिशवीत महिनाभर फ्रीजरमध्ये चांगले राहतात. तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला वापरून टाका, पुन्हा तळणाला नको. ठेला दुसऱ्या दिवशी पहाटे सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कारण मीठ-तेल फळीत मुरलं की पालकाच्या जुड्यांना लागतं. आमचे भाजीवाले भाऊ साडेसहाला न्यायला येतात. पाइप न कापता गुंडाळून माळ्यावर ठेवा, आणि मांजरपाट धुवू नका, नुसतं झटकून घडी करा. इतक्या वर्षांत त्याचा रंग आता अगदी त्या गाडीच्या कापडासारखा झाला आहे.